'बारा बोअर'मधले हे बारा म्हणजे नक्की काय? शिशाच्या गोळीचं आणि तिच्या साच्याचं गणित

यवतमाळ जिल्ह्यातलं मारेगाव. कापूस, तूर, सोयाबीनचा तालुका, एका अंगाला वणीच्या कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला पांढरकवड्याचं जंगल आणि मधेमधे कोलामांचे पोड. इथे पीक हाताशी आलं की शेतकऱ्याची रात्रपाळी सुरू होते. तिला जागल म्हणतात. मचाणावर बसायचं, हातात टॉर्च, जवळ वाजवायला पत्र्याचा डबा, आणि रानडुकरांचा कळप किंवा रोही तुरीत शिरले की आरडाओरडा करायचा. एका रात्रीत डुकरं एकराचा भुईमूग उकरून जातात, त्यामुळे झोप परवडत नाही.

आता जागलीला मोबाईलही असतो. आणि मोबाईलवर अशी रीळं हमखास येतात, ज्यात अमेरिकेतला कुणी आजोबा आपल्या गॅरेजमध्ये शेगडीवर शिसं वितळवतो, साच्यात ओततो, चकाकणारी गोळी बाहेर पाडतो आणि मग व्हर्नियर कॅलिपरने तिचा व्यास मोजतो. खाली मराठीतूनही कमेंट असतात. 'हे तर घरी जमेल की!'

जमेल का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी तो माणूस मोजत काय असतो ते बघू, कारण त्यात मजा आहे.

बाराचा हिशोब

गावात 'बारा बोअर' हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. पण बारा म्हणजे काय बारा? इंच नाही, मिलिमीटर नाही, नळीची लांबी तर मुळीच नाही.

हे बारा म्हणजे गोळ्यांची संख्या. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम शुद्ध शिसं घ्या. त्याच्या अगदी सारख्या बारा गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची. म्हणजे गोळी ३७.८ ग्रॅमची, आपल्या जुन्या मापात साधारण सव्वातीन तोळ्यांची. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम असते. तिने भाग दिला आणि गोलाच्या घनफळाचं शाळेतलं सूत्र वापरलं की व्यास येतो १८.५ मिलिमीटर. आजही कारखान्यात बनणाऱ्या बारा बोअर बंदुकीच्या नळीचं माप हेच आहे.

म्हणूनच इथे आकडा उलटा चालतो. सोळा बोअर बारापेक्षा लहान (सुमारे १६.८ मिमी), वीस बोअर त्याहून लहान (१५.६ मिमी). एका पौंडात जितक्या जास्त गोळ्या, तितकी गोळी बारीक. याला अपवाद '४१० बोअर'चा. तो आकडा गोळ्यांचा नाही, इंचाचा हजारावा भाग आहे, ०.४१० इंच. गोळ्यांच्या हिशोबाने तिला सदुसष्ट-अडुसष्ट बोअर म्हणावं लागलं असतं.

हे विचित्र माप आलं कुठून? ज्या काळात शतांश मिलिमीटर मोजणारं साधन कारागिराकडे नव्हतं, तेव्हा तराजू मात्र प्रत्येक बाजारात होता. गोल वस्तूचा व्यास नेमका मोजणं अवघड, वजन करणं सोपं. आणि वजन फसवत नाही, कारण ते व्यासाच्या घनाने बदलतं. १८.५ ऐवजी गोळी १८.३ मिमीची झाली, तर डोळ्याला फरक कळणार नाही. वजन मात्र सव्वा ग्रॅमच्या आसपास घटेल. सोनाराच्या तराजूला सव्वा ग्रॅम म्हणजे केवढी तरी मोठी चूक! तोफांचंही तसंच, 'बारा पौंडी तोफ' म्हणजे बारा पौंडांचा गोळा फेकणारी.

मग साचा का मोजायचा?

जुन्या ठासणीच्या बंदुका हाताने घडवलेल्या. दोन नळ्या कधी सारख्या निघायच्या नाहीत. त्यामुळे बंदुकीसोबत तिचा स्वतःचा साचा दिला जायचा. अडकित्त्यासारखा दिसणारा, दोन दांड्यांचा, तोंडाशी गोल खळगा असलेला. शेजाऱ्याच्या साच्यातली गोळी आपल्या बंदुकीत चालेलच असं नाही.

गोळी नळीपेक्षा मोठी झाली तर अडकते. आणि मागे दारू पेटलेली असताना पुढे गोळी अडकली, तर नळी फाटून बंदूक धरणाऱ्याचाच हात जातो. गोळी फार लहान झाली तर वायू बाजूने निसटतो, जोर कमी होतो आणि गोळी नळीत आपटत जाऊन भलतीकडेच निघते. कंपनी सरकारच्या काळातल्या 'ब्राऊन बेस' बंदुकीची नळी साधारण ०.७५ इंचाची आणि गोळी ०.६९ इंचाच्या आसपास असायची. जवळजवळ दीड मिलिमीटर मोकळं. नळीत काजळी साठली तरी गोळी पटकन आत जावी म्हणून मुद्दाम सोडलेली ही जागा होती. नेमबाजीची बोंब, पण लढाईत वेग महत्त्वाचा.

मग आली १८५७ ची एनफिल्ड. काडतुसाच्या चरबीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मापाची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. तिची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी ०.५६८ ची, म्हणजे मोकळी जागा पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. इंग्लंडच्या थंडीत हे ठीक होतं. हिंदुस्थानच्या उन्हात काडतुसाचं वंगण वितळून कागदात जिरायचं, नळीत काजळी चढायची आणि काही बार झाले की गोळी आत ढकलता ढकलता सैनिकाच्या नाकी नऊ यायचे. त्या धड्यानंतर इंग्रजांनी गोळी ०.५५ इंचांपर्यंत बारीक केली. मोकळी जागा झाली पाऊण मिलिमीटरच्या थोडी आत. साम्राज्याला साचा बदलावा लागला, तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरकासाठी.

खळग्याचं माप आणि गोळीचं माप एकच का नसतं?

रीळमधला माणूस साच्याचा खळगा मोजत नाही, बाहेर पडलेली गोळी मोजतो. त्यामागे कारण आहे. शिसं सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तिथून खाली, हाताला सोसेल इतकं थंड होईपर्यंत ते आक्रसतं. शुद्ध शिशाचा व्यास एक टक्क्याच्या जरा आत घटतो. बारा बोअरच्या गोळीत हा फरक दीड-दशांश मिलिमीटर होतो, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका. शिवाय घट्ट होतानाच धातूचं आकारमान कमी होत असल्याने वरून ओतलेलं शिसं खाली पोचलं नाही, तर पोटात पोकळी राहते. बाहेरून गोळी गुळगुळीत, तराजूवर हलकी. व्यास बरोबर आणि वजन कमी, याचा अर्थ आत हवा आहे. साच्याचे दोन अर्धे नीट मिटले नाहीत, तर गोळी एका दिशेने जाड आणि दुसऱ्या दिशेने बारीक निघते. म्हणून एकाच गोळीचं माप फिरवून फिरवून घेतलं जातं.

त्यात धातूची भेसळ बदलली की सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. शिशात अँटिमनी आणि कथील घातलं की ते कडक होतं, साच्याचे बारीक कोपरे नीट भरतं आणि आक्रसतं कमी. त्याच साच्यातून मग किंचित मोठी, पण वजनाला हलकी गोळी पडते.

हा मिश्रधातू मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, फक्त दुसऱ्या रूपात. छापखान्यातले खिळे! मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, त्याच्या सुबक देवनागरी टायपाचं नाव देशभर झालं. तो टाइप याच तीन धातूंचा. तिथेही साचा आणि माप हाच जीव. एक खिळा केसभर उंच राहिला की ते अक्षर कागद फाडणार, केसभर बुटका निघाला की छापलंच जाणार नाही. पुढे लायनोटाइप यंत्रात वापरायचा धातू साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असा ठरून गेला. ऑफसेट आलं, छापखाने मोडीत निघाले आणि परदेशात गोळ्या ओतणाऱ्या छंदिष्टांनी तोच धातू भंगारातून उचलून ठेवला. (शिसपेन्सिलीत मात्र शिसं नसतं, ते ग्रॅफाइट. नावच तेवढं चिकटून राहिलं.)

आता तो घरी करण्याचा प्रश्न

आपल्याकडे घरी शिसं ओतणं ही अगदीच अनोखी गोष्ट नाही. मासे पकडायच्या फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी लागतात, ते अनेक ठिकाणी घरीच ओतले जातात. त्यासाठी शिसं येतं कुठून? बहुतेकदा जुन्या बॅटरीतून. गडबड तिथेच आहे.

बॅटरीतल्या पट्ट्यांवर आम्ल आणि शिशाचे क्षार चिकटलेले असतात, काही बॅटऱ्यांत अँटिमनी आणि आर्सेनिकही असतं. ते उघड्यावर तापवलं की निघणारा धूर जीवघेणा ठरू शकतो. स्वच्छ शिसंही निरुपद्रवी नाही. वितळलेल्या शिशावर राखाडी साय येते. ती काढली, झटकली की तिची भुकटी अंगणात, कपड्यांवर, भांड्यांवर बसते आणि हातातोंडावाटे पोटात जाते. त्यातही जास्त जाते रांगणाऱ्या लेकराच्या पोटात, कारण लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं. पोटदुखी, रक्तक्षय, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं ही लक्षणं. म्हणजे डॉक्टरलाही पटकन शंका येणार नाही अशीच. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचा अंदाज होता, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास मुलं एकट्या भारतातली.

आणखी एक. वितळलेल्या शिशात पाण्याचा किंवा घामाचा थेंब आत गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं कारंज्यासारखं तोंडावर उडतं. रीळमध्ये चष्मा आणि हातमोजे दिसतात ते शोभेला नाहीत.

जाळ्याच्या मण्यांसाठी हे धोके पुरेसे आहेत. गोळीच्या बाबतीत वर कायदा येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. अमेरिकेतल्या आजोबांचा रविवारचा छंद इथे सात वर्षं आत घालू शकतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून दारूगोळा बनवायचाही परवाना आपोआप मिळतो, असंही नाही.

पीक राखायला बंदूक हवी, तर कायद्यात वाट आहे. शेतीरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद याच अधिनियमात केली आहे. कोकणात अशा परवान्याच्या बंदुका आजही दिसतात. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर किंवा रोही मारायचा, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि तिच्यासाठी सुरुवात करायची ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरीतून. नुकसानभरपाईचा अर्जही वन विभागाकडेच, आणि तो लगेच करावा लागतो. पंचनाम्याला उशीर झाला तर डुकराने उकरलं की पावसाने झोपवलं, हा वाद सुरू होतो.

काडतुसं मिळतात ती परवानाधारक दुकानात. बारा बोअरचं 'शक्तिमान' काडतूस खडकीच्या कारखान्यातून येतं. हा कारखाना १८६९ सालचा. गंमत म्हणजे निर्णयसागर छापखान्याचा जन्मही त्याच सालचा. किती काडतुसं घेता येतील याचा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. आणि निवडणूक जाहीर झाली, की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. डुकरांना आचारसंहिता लागू होत नाही, त्यामुळे तेवढे दिवस मचाणावर पुन्हा टॉर्च आणि पत्र्याचा डबाच.