अंगठी वितळल्यानंतरची वीस मिनिटं

पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचा शेवटचा भाग म्हणजे ‘द रिटर्न ऑफ द किंग’. त्याच्याबद्दलची एक तक्रार चित्रपटाइतकीच प्रसिद्ध आहे: हा चित्रपट संपता संपत नाही. अंगठी ज्वालामुखीत पडते, खलनायक सॉरॉनचा मनोरा कोसळतो आणि त्यानंतरही सुमारे वीस मिनिटं भेटीगाठी, राज्याभिषेक, लग्न, निरोप असं चालूच राहतं. मध्येच पडदा काळा होतो, प्रेक्षक उठायच्या बेतात असतो आणि नवं दृश्य सुरू होतं. डिसेंबर २००३मध्ये हा चित्रपट आला. त्यानं जगभरात शंभर कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. पुढच्या फेब्रुवारीत अकराच्या अकरा नामांकनांवर ऑस्कर मिळवून ‘बेन-हर’ आणि ‘टायटॅनिक’ची बरोबरीही केली. तरी शेवटाची थट्टा काही थांबली नाही. माझ्या मते मात्र ही वीस मिनिटं काढून टाकली तर हाती उरेल तो एक देखणा युद्धपट. जॅक्सननं सांगायला घेतलेली गोष्ट अर्धीच राहील.

आधी साधा हिशेब करू. चित्रपटगृहात दाखवलेले तिन्ही भाग अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे, म्हणजे एकूण नऊ तासांहून जास्त. तिन्हींचं मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात एकत्रच झालं, त्यामुळे ही एकच कथा तीन वर्षं डिसेंबरच्या डिसेंबरला तुकड्यातुकड्यानं दाखवली गेली. नऊ तासांच्या कथेला वीस मिनिटांचा उपसंहार म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. एकट्या तिसऱ्या भागावर हा शेवट लादल्यासारखा वाटतो, कारण तो पाहणाऱ्यानं आधीचे दोन भाग वर्ष-दोन वर्षांपूर्वी पाहिलेले असतात. १९५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टोल्किनच्या मूळ कादंबरीच्या याच खंडात तर हे प्रमाण याहून कितीतरी मोठं आहे. त्यातल्या सहाव्या पुस्तकाची प्रकरणं नऊ. अंगठी नष्ट होते ती तिसऱ्या प्रकरणात, आणि त्यानंतर सहा प्रकरणं बाकी असतात. त्या मानानं जॅक्सननं हात आखडताच घेतला म्हणायचा.

पण मिनिटांपेक्षा महत्त्वाचं आहे ते ज्वालामुखीच्या कड्यावर घडतं ते. अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला नायक, तिथे हरतो. इतक्या यातना सोसून पोहोचल्यावर तो अंगठी टाकायला नकार देतो आणि बोटात चढवतो. ती नष्ट होते तिच्या हव्यासानं झपाटलेल्या गोलममुळे. आधी चित्रित केलेल्या दृश्यात फ्रोडो गोलमला ढकलून देत होता. नंतर ते बदलून दोघांची झटापट आणि दोघांचाही तोल जाणं असं केलं गेलं. बदल शहाणपणाचा होता. ढकलण्यात निदान कृती होती, निर्णय होता. झटापटीत फ्रोडोच्या नावावर जमा करण्यासारखं काहीच उरत नाही. यानंतर राजधानी मिनास टिरिथमध्ये नवा राजा अ‍ॅरागॉर्न फ्रोडो आणि त्याच्या तीन हॉबिट मित्रांसमोर गुडघे टेकतो आणि त्याच्यामागोमाग अख्खं नगर वाकतं. चित्रपट इथेच संपायला हवा होता, असं म्हणणारे बरेच आहेत. मात्र तिथे संपला असता तर ती निव्वळ विजयाची कथा झाली असती. ज्या कृत्यासाठी लोक वाकताहेत ते आपल्या हातून झालेलं नाही, हे त्या गर्दीत फ्रोडोइतकं कोणालाच ठाऊक नाही. अशा माणसाचं पुढे काय होतं, हे दाखवायची जबाबदारी दिग्दर्शकावर येते.

ती तो कशी पार पाडतो, हे हॉबिट गावी परतल्यावरच्या, ग्रीन ड्रॅगन या दारूच्या गुत्त्यातल्या दृश्यात दिसतं. चौघे मित्र पेले घेऊन बसले आहेत. भोवतालच्या गावकऱ्यांना कौतुक आहे ते एका भल्यामोठ्या भोपळ्याचं. हे कुठून आले, काय भोगून आले, याचं कोणाला काही नाही. चौघे एकमेकांकडे पाहतात, बोलत नाहीत. माझ्या लेखी तिन्ही भागांत याहून नेमकं दृश्य नाही, आणि त्यात एकही तलवार नाही. टोल्किन १९१६मध्ये सोमच्या लढाईत होता. खंदकज्वरानं आजारी पडून तो इंग्लंडला परतला आणि त्या युद्धात त्यानं जिवलग मित्र गमावले. आपल्या कथेला रूपक म्हटलेलं त्याला मुळीच आवडत नसे, तेव्हा फ्रोडो म्हणजे अमुक सैनिक असं समीकरण मांडायला नको. तरीही चार वर्षांनंतर जुनी जखम ठणकणारा आणि घरात राहूनही घरी न परतलेला हा नायक युद्ध दुरून पाहणाऱ्याला सुचला असता, असं मला वाटत नाही. म्हणूनच फ्रोडोचा सोबती सॅम याचं लग्न आणि फ्रोडोचं जहाजानं निघून जाणं ही दोन्ही दृश्यं लागतात. एकाला गाव परत मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही. (बंदरावरचं ते निरोपाचं दृश्य तीनदा चित्रित करावं लागलं. पहिल्या खेपेला सॅम झालेला शॉन अ‍ॅस्टिन जेवणाच्या सुट्टीनंतर जाकीट घालायलाच विसरला होता. पडद्यावरचे अश्रू आटले कसे नाहीत, याचं नवल वाटतं.)

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. युद्धानंतरचं जगणं इतकं मोलाचं होतं, तर कादंबरीतलं सर्वांत बोचरं प्रकरण जॅक्सननं का गाळलं? मूळ कथेत हॉबिट परततात तेव्हा त्यांचं गाव दुष्ट जादूगार सरूमानच्या गुंडांनी ओरबाडलेलं असतं. झाडं तोडलेली, घरं पाडलेली, आणि शेवटची लढाई स्वतःच्या दारात लढावी लागते. चित्रपटात या विध्वंसाची झलक फक्त पहिल्या भागात, एल्फराणी गॅलाड्रिएलच्या भविष्य दाखवणाऱ्या आरशात, एक शक्यता म्हणून येते. हे नुकसान मी नाकारत नाही. युद्ध कोणाचंच अंगण सोडत नाही हा टोल्किनचा मुद्दा त्यामुळे गेला. पण त्या जागी जे आलं तेही हलकं नाही. कादंबरीत गाव आणि माणसं दोन्ही बदलतात, त्यामुळे दुःखात निदान सोबत असते. चित्रपटात गाव जसंच्या तसं हिरवंगार राहतं आणि बदललेले फक्त हे चौघे, म्हणून भोपळ्याचं ते दृश्य इतकं लागतं.

मांडणीतला दोष मात्र मान्य करायला हवा. पडदा काळा करून प्रेक्षकाला पुन्हापुन्हा चकवणं टाळता आलं असतं. फ्रोडो शुद्धीवर येतो तेव्हा एकेक मित्र दारातून संथ गतीनं हसत आत येतो, ते दृश्यही निम्म्यात भागलं असतं. पण हे कात्रीचे प्रश्न आहेत, शेवट हवा की नको याचे नव्हेत. शेवट आटोपता घेतला की काय होतं, ते खुद्द जॅक्सननंच पुढे दाखवलं. २०१४मधला ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ हा ‘हॉबिट’ त्रयीचा शेवटचा भाग १४४ मिनिटांचा, त्याच्या टोल्किनच्या कथांवरच्या सहा चित्रपटांत सर्वांत आखूड. लढाई संपते आणि चित्रपट घाईघाईनं घरी निघतो. लढाईत मरण पावलेला राजा थोरिन याचा अंत्यविधी आणि त्याच्या जागी आलेला नवा राजा चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला दिसलेच नाहीत. ते पुढे विस्तारित आवृत्तीत घालावे लागले.