सीलिअॅक: तपासणीआधी गहू सोडणे ही पहिली चूक

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे सीलिअॅक आजार चेततो. काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेन आतड्यात आले की बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे या अस्तरावर असतात. ते झिजून सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. लोह, फोलेट, कॅल्शियम पोटात जाऊनही रक्तापर्यंत पुरेसे पोचत नाही.

याला सर्रास ‘गव्हाची अॅलर्जी’ म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. अॅलर्जीत गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. सीलिअॅक हा स्वयंप्रतिकार आजार आहे. त्याचे नुकसान महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे मुकाट चालू राहते आणि अॅलर्जीच्या चाचणीत तो सापडत नाही.

हा लहान, हडकुळ्या, सतत जुलाब होणाऱ्या मुलांचा आजार आहे, ही समजूतही जुनी आहे. तो कोणत्याही वयात उघड होतो आणि वजन बरे असलेल्यांनाही असतो. कित्येकांना जुलाब होतच नाहीत. उलट बद्धकोष्ठ असते, पोट फुगते, जेवल्यावर जड वाटते आणि सकाळी उठतानाच अंगात त्राण नसते. काहींच्या बाबतीत पोटाची तक्रारच नसते. वारंवार तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे, मुलांची उंची न वाढणे किंवा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय एवढीच खूण असते. घोटाळा इथेच होतो. तरुण स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी आले की पाळीला दोष दिला जातो, पोटाला अॅसिडिटी किंवा आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे) नाव मिळते आणि थकवा कामाच्या ताणावर ढकलला जातो. प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी मिळते. या तिन्ही तक्रारी एकत्र मांडून पाहायला मात्र कोणी थांबत नाही. आयबीएसचे निदान पक्के करण्याआधी सीलिअॅकची रक्तचाचणी व्हायलाच हवी, विशेषतः जुलाबाचा त्रास असेल तेव्हा.

‘हा पंजाब-हरियाणाकडचा आजार’ या म्हणण्यात मात्र थोडे तथ्य आहे. उत्तर भारतात तो साधारण शंभरात एकाला आढळतो, दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी. आजार होण्यासाठी डीक्यू २ किंवा डीक्यू ८ हा जनुकीय वारसा लागतो आणि आहारात ग्लुटेनही लागते. पण मराठी घरांत आता भाकरीच्या जागी पोळी रोजची झाली आहे. त्यामुळे केवळ प्रांत पाहून शंका झटकून टाकता येत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तपासणीविषयीचा आहे. ‘महिनाभर गहू सोडून बघा, बरे वाटले तर तोच आजार’, असा सल्ला घरातून, शेजारून, कधी दवाखान्यातूनही मिळतो. रक्तचाचणी ग्लुटेनमुळे तयार होणारी प्रतिपिंडे शोधते. गहू बंद झाला की ती घटू लागतात, आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते. मग आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. शिवाय गहू सोडून बरे वाटणे हा पुरावा नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची कर्बोदके असतात. आयबीएस असलेल्यांचे पोट त्यांच्यामुळेही फुगते आणि ती टाळल्यावर हलके वाटते. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत नेहमीची पोळी चालूच ठेवावी लागते. आधीच गहू सोडला असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा सुरू करावा लागतो. साधारण सहा आठवडे, दिवसातून एकाहून अधिक वेळच्या जेवणात. त्रास पुन्हा भोगावा लागतो हे खरे, पण जन्मभराचे पथ्य अंदाजावर उभे करणे त्याहून वाईट.

पहिली चाचणी म्हणजे रक्तातील टीटीजी-आयजीए. सोबत एकूण आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकारही मोजावा, कारण काही रुग्णांमध्ये आयजीएच फार कमी असते आणि चाचणी खोटा दिलासा देते. तेव्हा आयजीजी प्रकारच्या चाचण्या कराव्या लागतात. प्रौढांमध्ये निदान सहसा दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा तुकडे काढून (बायोप्सी) पक्के केले जाते. मुलांमध्ये टीटीजी सामान्य पातळीच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडांची चाचणीही होकारार्थी आली, तर तज्ज्ञ बायोप्सीशिवाय निदान करू शकतात. फक्त बायोप्सीवरही विसंबता येत नाही, कारण ट्रॉपिकल स्प्रू आणि जिआर्डियाच्या संसर्गातही उंचवटे झिजतात. जनुकचाचणी होकारार्थी आली तरी आजार सिद्ध होत नाही. हा वारसा असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. ती नकारार्थी आली तर मात्र सीलिअॅकची शक्यता जवळजवळ संपते. शेकडो पदार्थांची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ सांगणाऱ्या महागड्या आयजीजी तपासण्यांनी सीलिअॅकचे निदान होत नाही.

निदानानंतर ‘थोडे खाल्ले तर चालते’ हे खरे नाही, आणि खपली गहू चालतो हेही नाही. खपलीतही ग्लुटेन असतेच. रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडई सारे वर्ज्य. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि थालीपिठाच्या भाजणीत अनेकदा गहू असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी आणि राजगिरा निर्धोक आहेत, पण गव्हामागून त्याच गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठ निर्धोक राहत नाही. घरघंटी किंवा वेगळे जाते हा खरा उपाय.

आजार आनुवंशिक असल्याने रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्तचाचणी करून घ्यावी, लक्षणे नसली तरी. तीही पोळी खाणे चालू असतानाच.