‘कार्ड चालणारी’ डॉक्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात गोड बातमी आली की चौकशी सुरू होते, ‘कार्ड चालेल अशी चांगली गायनॅक डॉक्टर कुठे मिळेल?’ उत्तरे भरपूर मिळतात. त्यांतली निम्मी ऐकीव असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांबाबतचे नेहमीचे गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज : डॉक्टर योजनेत असतात.
वस्तुस्थिती : योजनेत डॉक्टर नव्हे, रुग्णालय असते. त्याला ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात. ही मान्यताही विभागनिहाय असते. दारावर योजनेचा फलक असला, तरी मान्यता फक्त हाडांच्या किंवा मूत्रपिंडाच्या उपचारांपुरती असू शकते. त्यामुळे विचारायच्या गोष्टी तीन : रुग्णालय अंगीकृत आहे का, त्यात स्त्रीरोग व प्रसूती विभाग आहे का आणि आपल्याला लागणारा नेमका उपचार तिथे योजनेतून होतो का. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून तिसरा प्रश्न सोडू नका. उत्तर अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, किंवा 155388 या हेल्पलाइन क्रमांकावर मिळते.

गैरसमज : पांढरे रेशन कार्ड असेल तर योजना मिळत नाही.
वस्तुस्थिती : 2012 मध्ये 8 जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने आजची फुले योजना सुरू झाली, तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डधारकांसाठी होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. विमा संरक्षणही कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून 5 लाख रुपयांपर्यंत गेले.

गैरसमज : कार्ड दाखवले की नऊ महिन्यांच्या तपासण्या आणि बाळंतपण, सगळे खासगीत फुकट.
वस्तुस्थिती : ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे. खासगी डॉक्टरांची दर महिन्याची तपासणी फी आणि नेहमीची सोनोग्राफी तिच्यात धरलेली नाही. नॉर्मल बाळंतपण खासगी रुग्णालयात कार्डावर होईल, असेही गृहीत धरू नका.

गैरसमज : मग सरकारी दवाखान्यातही सिझरचा खर्च येणारच.
वस्तुस्थिती : बाळंतपणासाठी विम्याचे कार्ड लागतच नाही. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातले बाळंतपण, सिझरसह, मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून ने-आण यांचेही पैसे नाहीत. जेवण नॉर्मल बाळंतपणात 3 दिवसांपर्यंत, सिझरमध्ये 7 दिवसांपर्यंत मिळते. आजारी नवजात बाळावरचे उपचारही यातच येतात. उत्पन्नाची अट नाही.

गैरसमज : सरकारीत तज्ज्ञ डॉक्टर भेटतच नाहीत.
वस्तुस्थिती : प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा स्त्रीरोगतज्ज्ञ नसतात, हे खरे. ग्रामीण रुग्णालयांतही कुठे असतात, कुठे जागा रिकामी असते. उपजिल्हा, जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ भेटण्याची शक्यता अधिक. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर महिलांची ठरावीक शासकीय केंद्रांत मोफत तपासणी होते. काही खासगी स्त्रीरोगतज्ज्ञही त्या दिवशी तिथे सेवा देतात. जवळचे केंद्र कोणते, हे आशाताईंना ठाऊक असते.

गैरसमज : योजनेत ऑपरेशन असले तरी ‘वरचे’ पैसे द्यावेच लागतात.
वस्तुस्थिती : मंजूर उपचार पूर्णपणे बिनारोकड असतो. अनामत किंवा फरकाची रक्कम मागितली, तर आधी आरोग्यमित्राला सांगा. तिथे दाद लागली नाही, तर 155388 वर तक्रार नोंदवा. पैसे भरणे भागच पडले, तर पावती घेतल्याशिवाय हलू नका.

थोडक्यात, बाळंतपणासाठी आधी शासकीय रुग्णालय पाहा. गर्भाशयाची शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीचा उपचार असेल, तर अंगीकृत रुग्णालय शोधा. कळा सुरू झाल्यावर ही चौकशी होत नाही. म्हणून सातव्या महिन्याच्या आत रुग्णालय ठरवा, रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला तरी ही माहिती देऊन ठेवा.