गर्भजलाचे आधिक्य

उदरातील बालक गर्भजल गिळते व मूत्रावाटे पुन्हा बाहेर टाकते. या क्रमानेच जलाचा समतोल राहतो. मातेच्या मधुमेहाने बालकाचे मूत्र वाढले किंवा अन्ननलिका बंद असल्याने त्याचे गिळणे खुंटले, की जल साचते. पुष्कळदा कारण सापडत नाही, आणि वाढ सौम्य असल्यास बालक बहुधा सुखरूप जन्मते. परंतु सोनोग्राफीत जलाची खोली ८ सेंटिमीटर वा अधिक भरल्यास सावध राहावे. प्रसूती अकाली होण्याचा, बालक आडवे राहण्याचा संभव असतो. पाणमोट एकाएकी फुटल्यास नाळ बालकाआधी घसरून दबू शकते व त्याचा प्राणवायू तुटतो. म्हणून पोट झपाट्याने वाढून धाप लागल्यास तपासणी करवावी. पाणमोट फुटताच कळांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.