हवेत पेटणारी भुकटी

१९१७ साली विल्हेल्म श्लेंक आणि योहाना होल्ट्झ यांनी पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगांवर लिथियम धातूची क्रिया घडवली आणि मेथिललिथियम प्रथम हाती आले. हवा लागताच ही पांढरी भुकटी लाल ज्योतीने पेटायची, सोनेरी ठिणग्या उडायच्या. ग्रिन्यारची मॅग्नेशियम संयुगे तोवर प्रयोगशाळांत रुळली होती. विषारी पारा हाताळून हे आगीशी खेळणारे संयुग कोण करणार?

१९३० मध्ये कार्ल त्सिग्लर यांनी पाराच वगळला. साध्या अल्किल क्लोराइडमध्ये लिथियम धातू थेट टाकला की काम भागते, हे त्यांनी दाखवले. लिथियमला जोडलेल्या कार्बनवर इलेक्ट्रॉनांची इतकी दाटी असते, की तो कार्बोनिल गटावर तुटून पडतो किंवा दुसऱ्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतो. मॅग्नेशियमला जमत नाही तिथे लिथियम चालतो, तो यामुळेच.

या इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटतात ते अमेरिकेत आयोवाच्या एम्स गावी काम करणारे हेन्री गिलमन. ब्रोमीन काढून तिथे लिथियम बसवण्याची युक्ती १९३८-३९च्या सुमारास जर्मनीत गेऑर्ग व्हिटिग यांना आणि इकडे गिलमनना स्वतंत्रपणे सापडली. बाटलीतल्या द्रावणात खरोखर कामाचे लिथियम संयुग किती, हे मोजायची दुहेरी अनुमापनाची रीत गिलमन यांनी १९४४ मध्ये दिली. तीन वर्षांनी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. पत्नी आणि विद्यार्थी वाचून दाखवत, लिहून घेत. हजारावर शोधनिबंधांपैकी निम्म्याहून अधिक त्यानंतरचे आहेत.

व्हिटिग यांनी फेनिललिथियम वापरून कार्बन-कार्बन दुहेरी बंध जोडण्याची अभिक्रिया साधली. अ-जीवनसत्त्वाच्या कारखान्यापर्यंत ती पोचली आणि १९७९चे नोबेल मिळाले. फायरस्टोनच्या संशोधकांनी लिथियमच्या साहाय्याने आयसोप्रीनपासून नैसर्गिक रबराच्या जवळ जाणारे रबर केले. आज टायरच्या रबरातही ब्यूटिललिथियमचा हात असतो. एचआयव्हीवरच्या एफाविरेंझच्या निर्मितीतही लिथियम संयुगे लागतात.

पेटण्याचा गुण मात्र गेला नाही. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात तृतीयक ब्यूटिललिथियम सिरिंजमध्ये ओढताना दट्ट्या निसटला. संशोधन सहायिकेच्या अंगावर प्रयोगशाळेचा कोट नव्हता. जानेवारीत ती गेली.