लाईट आली, पण कॉम्प्युटर उठलाच नाही!

व्हिडिओत मी कॉम्प्युटरची पिन काढून दाखवली होती, ते बघून बऱ्याच जणांना धडकी भरली असेल. पण ते का करायचं, हे लिहूनच नीट सांगता येईल.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा कर्जतजवळ होमस्टे आहे. त्या स्वतः राहतात खोपोलीला. बुकिंगची नोंद आणि बिलं होमस्टेच्या ऑफिसातल्या एका डेस्कटॉपवर, आणि तो 24 तास चालू. तोच त्यांचा सर्व्हर, घरून मोबाईलवर त्यातच बघायचं. जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली, पहाटे आली. फ्रीज चालू झाला, राउटर चालू झाला, कॅमेरे चालू झाले. कॉम्प्युटर मात्र बंदच. ताईंना यादी दिसेना, म्हणून त्यांनी आठवणीने फोनवर एक कॉटेज देऊन टाकलं. दुपारी त्याच कॉटेजसाठी दोन कुटुंबं दारात उभी! एकाला पूर्ण पैसे परत, वर जेवण घालून पाठवावं लागलं.

गंमत बघा, खोपोलीचं वीजघर 1915 पासूनचं आणि भिवपुरीचं 1922 पासूनचं. मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली ती आपल्या घाटाखालून. पण घरापर्यंत येणाऱ्या तारेवर झाडाची फांदी पडली की तो इतिहास काही कामाला येत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर रायगडातली कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हा लाईट जाणार हे धरूनच चालायचं.

आता राउटर आपोआप चालू होतो, मग कॉम्प्युटर का नाही? कारण कॉम्प्युटरचं बटण हे पंख्याच्या बटणासारखं नसतं. ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. वीज परत आल्यावर काय करायचं हे मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तिथे ‘बंदच राहा’ असंच असतं. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ-2 दाबून बायोसमध्ये जा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं). पॉवरच्या भागात ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’ असं काहीतरी सापडेल. तिथे सहसा तीन पर्याय असतात: पॉवर ऑफ, पॉवर ऑन, लास्ट स्टेट. बरेच जण लास्ट स्टेट निवडतात, म्हणजे आधी चालू होता तर चालू, बंद होता तर बंद. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण यूपीएसने बॅटरी संपत आल्यावर कॉम्प्युटर व्यवस्थित शटडाऊन केला असेल तर शेवटची अवस्था ‘बंद’ होते, आणि वीज आल्यावर तो बंदच राहतो. म्हणून पॉवर ऑन.

खरी मेख पुढे आहे. समजा यूपीएसने शटडाऊन केला आणि पुढच्याच मिनिटाला लाईट आली. यूपीएसच्या बॅटरीत अजून जीव होता, त्यामुळे कॉम्प्युटरपर्यंत वीज कधी तुटलीच नाही. वीज गेलीच नाही तर ‘परत आली’ हे मदरबोर्डला कळणार कसं? तो वाट बघत बसतो. उपाय असा की शटडाऊननंतर यूपीएसने आपला आउटपुटही थोडा वेळ तोडला पाहिजे. यूएसबी वायरने जोडता येणाऱ्या बऱ्याच यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. घेतानाच दुकानदाराला विचारा. आणि अजून एक विचारा: बॅटरी पूर्ण संपल्यावर लाईट आली तर यूपीएस स्वतः चालू होतो, की बटण दाबावं लागतं? बटण दाबावं लागत असेल, तर बायोसमधलं सगळं सेटिंग पाण्यात.

घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर मागे यूपीएस मोडचा स्विच आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ कॉम्प्युटर सहन करेलच असं नाही.

कॉम्प्युटर उठला, पण बुकिंगचं सॉफ्टवेअर उठलं का? विंडोज पासवर्ड विचारत थांबलं असेल तर स्टार्टअप फोल्डरमधला प्रोग्रॅम चालूच होत नाही. सॉफ्टवेअर ‘सर्व्हिस’ म्हणून बसवता येत असेल तर लॉगिनची गरजच राहत नाही. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ ठेवा, म्हणजे इंटरनेट यायला थोडा वेळ मिळतो, राउटरलाही उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतातच. लिनक्स असेल तर सर्व्हिस ‘एनेबल’ करायला विसरू नका, नुसती ‘स्टार्ट’ केलेली पुढच्या वेळी चालू होत नाही. आणि राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता पक्का करून ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर चालू, पण मोबाईलला सापडत नाही!

तीन-चार वर्षं जुन्या कॉम्प्युटरची घड्याळाची बटण-बॅटरी बदलून घ्या. सीआर 2032 म्हणून मिळते, फार महाग नसते. ती मेली की लाईट गेल्यावर बायोसचं सेटिंगच पुसलं जाऊ शकतं. तारीखही मागे जाते, मग बिलावर भलतंच साल.

हे सगळं झाल्यावर चाचणी घ्यायची. आधी बॅकअप, सॉफ्टवेअर बंद, मग यूपीएसची पिन भिंतीतून काढायची आणि बॅटरी संपेपर्यंत हात लावायचा नाही. पिन परत घालून मोबाईलवर यादी दिसेपर्यंत थांबायचं. दुसऱ्यांदा शटडाऊन झाल्या झाल्या लगेच पिन घाला. मी वर म्हटलं ती मेख इथेच कळते.

ताईंचा यूपीएस नेमका बटणवाला निघाला. तो बदलला. आणि आता रोज संध्याकाळी त्या उद्याच्या बुकिंगचा फोटो केअरटेकरच्या मोबाईलवर पाठवतात. तो छापील रजिस्टरमध्ये उतरवून ठेवतो.