यंत्रातील ग्रंथ आणि त्याची हरवलेली सूची

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. तेथे 1956 साली खाणकाम व धातुशास्त्र यांचे शासकीय महाविद्यालय निघाले आणि 2005 साली ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. अशा शहरातील जो विद्यार्थी लिनक्स प्रणालीवर काम करू लागतो, त्याला प्रथम हे सांगावेसे वाटते की, इंटरनेट बंद पडले तरी मार्गदर्शक ग्रंथ बहुधा त्याच्या यंत्रातच असतो.

हा ग्रंथ नवा नव्हे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स हस्तपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान, आरंभी तिचे नाव व एका ओळीत कार्य, आणि पुढे ज्ञात दोषांची प्रांजळ नोंद. (असा प्रांजळपणा इतर यंत्रांच्या पुस्तिकांत क्वचितच आढळतो!) ‘मॅन’ आणि आज्ञेचे नाव लिहिले की ते पान उघडते.

पण नावच ठाऊक नसेल, तर विषयावरून शोधावे लागते. त्यासाठी ‘अ‍ॅप्रोपो’ ही आज्ञा आहे. ती पाने चाळीत बसत नाही. पानांच्या त्या आरंभीच्या ओळी गोळा करून आधीच रचलेली सूची पाहते. सूची नसेल तर, ‘समर्पक काही नाही’ असे कोरडे उत्तर येते. ग्रंथ जागेवर असतो, हरवलेली असते ती सूची.

मग विद्यार्थी कोठेतरी वाचतो की ‘मेकव्हॉटइज’ चालवावे. तो ती आज्ञा देतो आणि यंत्र म्हणते, अशी आज्ञाच नाही. येथे पुष्कळांचा धीर सुटतो, आणि काही जण सारी प्रणाली पुन्हा बसवतात. त्याची मुळीच गरज नसते. सूची रचणाऱ्या साधनांची घराणी निराळी आहेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ‘मेकव्हॉटइज’ होते; 2014 सालच्या सातव्या आवृत्तीपासून त्या जागी ‘मॅन-डीबी’ हा संच आला. डेबियन व उबुंटू यांवरही हाच संच चालतो. त्यातील सूचीकाराचे नाव एम, ए, एन, डी, बी या पाच अक्षरांचे आहे. ‘मॅनडॉक’ घराण्यात मात्र जुने नाव अद्याप टिकून आहे. म्हणून सूचना पाळण्यापूर्वी ती कोणत्या घराण्यासाठी लिहिली आहे, हे पाहावे. जुन्या यंत्रांवर आणखी एक अडचण असे: साधन व्यवस्थापकाच्या कप्प्यात ठेवलेले, आणि सामान्य वापरकर्त्याचा शोधमार्ग तेथवर पोहोचत नसे.

खरी पंचाईत निराळीच आहे. जागा वाचवण्यासाठी उबुंटूची जी लघुरूपे दिली जातात, त्यांतून पानेच वगळलेली असतात. तेथे सूचीकार कितीही वेळा चालवला तरी तो सूची कशाची करणार? अशा वेळी ‘अनमिनिमाइझ’ ही आज्ञा गाळलेला मजकूर परत आणते. तेवढ्यापुरते इंटरनेट लागते, हे ध्यानात ठेवून जोडणी चांगली असतानाच हे काम उरकावे.

तपासणीचा क्रम यावरून ठरतो. आधी एखादे पान उघडून पाहावे. ते उघडले, तर ‘मॅन-डीबी’ संच आहे याची खात्री करून व्यवस्थापकाच्या अधिकाराने सूचीकार चालवावा. नंतर ‘व्हॉटइज’ लिहून पुढे एल, एस ही दोन अक्षरे द्यावीत. सूची सिद्ध झाली असेल, तर त्या आज्ञेचे कार्य सांगणारी एक ओळ लगेच उमटते.